न पेटणारं कापड

आधी पोटावर पेटला, मग छातीवर, आणि मी चाळणी टाकून उठेपर्यंत जाळ त्याच्या हनुवटीला लागला होता. माझा नवरा. मोठा आवाज झाला तो त्याचा नव्हता, साच्याचा होता. साच्याला ओल राहिली आणि त्यात वितळलेलं लोखंड गेलं की बार उडाल्यासारखा आवाज होतो आणि लोखंड ज्या वाटेनं आत गेलं त्याच वाटेनं वर उसळतं. नवरा बादली वाकवत होता. त्याचा जोडीदार दांड्याचं दुसरं टोक धरून शेजारी उभा होता. लोखंड दोघांवर सारखंच उडालं. जोडीदाराच्या पोटावर बांधलेल्या आप्रानाला काळी भोकं पडली, धूर निघाला आणि तेवढ्यावर थांबलं. नवऱ्याच्या आप्रानानं जाळ धरला.

लोखंडाची बादली हातातून टाकता येत नाही. टाकली तर उरलेलं सगळं पायांवर येतं, आपल्या आणि दुसऱ्याच्याही. म्हणून पेटलेल्या अंगानं त्यानं दांडा धरून ठेवला. "ठेव, हळू ठेव," असं तो जोडीदाराला ओरडून सांगत होता, आणि त्या दोघांनी बादली जमिनीवर नीट टेकवली. मग तो पळाला. पेटलेला माणूस पळतोच, आणि पळाला की वारा लागून जाळ वाढतो. मी वाळूनं भरलेलं घमेलं उचललं, आडवी गेले आणि ते त्याच्या गुडघ्यांवर हाणलं. तो वाळूच्या ढिगावर तोंडावर पडला. मी त्याच्या पाठीवर बसले आणि त्याला त्या वाळूत दाबला. तो मला शिव्या देत होता, लाथा झाडत होता. मी उठले नाही.

जाळ विझला तरी आप्रान आत धुमसत होता. तो सोडवायचा तर पाठीवरचे बंद तुटेनात. मीच शिवले होते, दुहेरी टीप मारून. जोडीदारानं त्याला उताणा केला, धुमसतं कापड दोन्ही मुठींत धरलं आणि ओढलं. त्याच्या तळहातांची कातडी चरचरली ती मी ऐकली. आप्रानाबरोबर सदरा निघाला आणि सदऱ्याबरोबर नवऱ्याच्या पोटाची कातडी निघाली, उकडलेल्या बटाट्याची साल निघते तशी. खाली लाल आणि पांढरं होतं.

मी नवऱ्याकडं बघायचं सोडून त्या आप्रानाकडं बघत राहिले. ते कापड पेटत नाही हे मला माहीत होतं. मी ते माझ्या स्वतःच्या हातावर तपासलं होतं.

आम्ही दोघं कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत कामाला होतो. इंजिनाचे आणि मोटारपंपाचे भाग ओतायचे. तो ओतारी, मी वाळू चाळायला. मी चौथीपर्यंत शिकले, पुढं शिकवलं नाही. नवरा शाहूवाडीकडचा, घरी भातशेती, भाऊ तिघं, म्हणून हा शहरात आला. तो चांगला होता असं मी लिहिणार नाही. हात उचलायचा. एकदा भाकरी करपली म्हणून त्यानं मला त्याच गरम तव्यानं मारलं होतं, त्याचा डाग खांद्यावर आहे. पण कामात तो एक नंबर होता, आणि तो आणि त्याचा जोडीदार दांडा धरून चालायला लागले की दोघांचं मिळून चार पायांचं एकच जनावर चालल्यासारखं वाटायचं. जोडीदार मुसलमान, कोल्हापुरातलाच, पाच पिढ्या लोहारकी केलेल्या घरातला. मी त्याला भाई म्हणायची, तो मला वैनी.

त्याच फौंड्रीत माझा थोरला भाऊही होता. बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या दिवाळीला त्यानं टेरिलिनचा सदरा घेतला. तेव्हा टेरिलिन म्हणजे मोठी ऐट होती, इस्त्री लागत नाही, धुतला की वाळला. भाऊबिजेनंतर कामावर आला तोच तो सदरा घालून. सगळे म्हणाले, काढून ठेव. "बघा तरी मर्दांनो, पाणी पडलं तर थांबत न्हाय," म्हणाला. पाणी थांबत नव्हतं. हरभऱ्याएवढा लोखंडाचा थेंब काखेजवळ पडला आणि थांबला. टेरिलिन भडकलं कमी आणि वितळलं जास्त. उकळता गूळ अंगावर ओतल्यासारखं ते खाली ओघळत गेलं आणि जिथं गेलं तिथं चिकटलं. आम्ही पाणी ओतलं तर ते कातडीत थिजून बसलं. दवाखान्यात चिमट्यानं ओढून काढत होते. गुंड्या निघाल्याच नाहीत. चौथ्या दिवशी भाऊ गेला तेव्हा त्याच्या छातीत तीन गुंड्या होत्या.

त्यानंतर मला कापडाचा संशय यायला लागला. नवऱ्याचं असं होऊ द्यायचं नाही एवढंच डोक्यात होतं. त्यात माया किती आणि पोटाची भीती किती हे मी तेव्हा मोजलं नाही.

तेव्हा आमच्याकडं माणसं लोखंड ओतताना पोटाला आणि पायांना भिजवलेली पोती बांधायची. कोणी जुनी खाकी चड्डी, कोणी लुगड्याचा तुकडा. कोणतं बरं, ते कोणीच बघितलं नव्हतं. मी बघायचं ठरवलं. खाटकाकडून बोकडाच्या पोटाची कातडी आणली, केस खरवडून काढले. लाकडी पाटावर कातडी ताणली, तिच्यावर मेणबत्तीचं मेण पातळ चोळलं. वर कापड टाकायचं आणि स्टोवर लालभडक केलेलं उलथणं कापडावर टेकवून अंक मोजायचे. मेण वितळलं की माणूस भाजला असं धरायचं. मग कापड उचलून कातडीचा रंग बघायचा.

टेरिलिन दोनवर गेलं आणि कातडीला चिकटलं. साधी खाकी तीनवर पेटली. ओलं पोतं पाच अंक टिकलं, पण मग आतून वाफ झाली आणि कातडी शिजून पांढरी पडली; कोरड्या पोत्यानं झाली नसती एवढी. म्हणजे जे आमची माणसं वर्षानुवर्षं बांधत होती, ते त्यांना वाफवत होतं. ज्यांच्या पोटावर पांढरे चट्टे होते त्यांना मी हे सांगितलं. एक जण म्हणाला, "वैनी, आता बोकडाला विचारून कापडं घालायची व्हय?"

शेवटी घोंगडं बघितलं. सासऱ्यांचं जुनं, धनगरानं विणलेलं काळं घोंगडं होतं. उलथणं टेकवलं तर केस जळल्याचा वास सुटला, काळी राख झाली, पण जाळ आला नाही. उलथणं उचललं की आपोआप विझलं. मी पंधरापर्यंत मोजलं तेव्हा मेण वितळायला लागलं. दुसऱ्या दिवशी ते घोंगडं फौंड्रीत नेलं आणि सांगितलं, ह्याचे आप्रान शिवते.

नवऱ्यानं ते उचलून डोक्यावर खोळ केली आणि "हुर्र, हुर्र" करत मेंढरं हाकायला लागला. सगळी फौंड्री हसली. "इथं आधीच जीव भाजून निघतोय, त्यात घोंगडं? आणि टोचतंय किती! तुझ्या बापानं घातलं हुतं का कधी?" जोडीदार तेवढा म्हणाला, "एकदा घालून बघू की लेका, काय जातंय?" नवरा म्हणाला, "तू घाल. आणि तुझ्या दाढीला एक कोकरू बांध." मग जोडीदारही हसला. मी घोंगडं घडी करून घरी आणलं. हट्ट करायला पाहिजे होता. मी केला नाही, कारण हट्ट केला की घरी मार बसायचा.

पुढं काही महिन्यांनी मालकांकडं मुंबईहून कापडाचा एक विक्रेता आला. पांढरी पँट, हातात बॅग. आम्हाला सगळ्यांना बोलावलं. त्यानं खाकी जाड कापडाची पट्टी चिमट्यात धरली आणि खालून काडी लावली. काडी जळून संपली, पट्टी नुसती काळी झाली. "औषधात बुडवलेलं कापड आहे. पेटत नाही," तो म्हणाला. मालक खूश. मी मागून म्हणाले,

"पावणं, कापड पेटत न्हाय ते बघितलं. पर कापडाच्या आत माणूस असतोय. त्येचं काय?"

"कापडच पेटलं नाही तर माणूस कसा भाजेल, बाई?"

"तवा कुठं पेटतोय? लावा की हात तव्याला."

माणसं हसली. विक्रेता लाल झाला. मालक म्हणाले, "ही आमची शास्त्रज्ञ हाय. बोकडं भाजती." मी म्हटलं, भाजते, पण बोकड सांगत नाही कुठं दुखतंय ते. ह्या पावण्यांचा हात लावा, ते सांगतील. त्यानं हात मागं घेतला. तेव्हा मी माझी बाही वर केली, डाव्या हातावर ते कापड टाकलं आणि जोडीदाराला म्हटलं, "भाई, सळई आणा." त्यानं आधी नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, "दे, तिला हौस हाय." जोडीदारानं भट्टीतून लाल सळई आणली. ती कापडावर टेकवायला तो धजेना, मी त्याचं मनगट धरून टेकवली.

चार. चारवर मी हात काढला. कापड पेटलं नव्हतं. खाली रुपयाएवढा फोड आला होता, आणि तो सगळ्यांनी बघितला. मग मी दोन पदर केले, मध्ये जरा पोकळी राहील असे सैल धरले, आणि दुसऱ्या जागी तसंच केलं. अकरापर्यंत टिकले. अकरा अंकांत माणूस बादली खाली ठेवून आप्रान सोडू शकतो. मी मालकांना म्हटलं, हेच कापड घ्यायचं असेल तर दोन पदरी, ढगळ, अंगाला न चिकटणारं शिवायचं. एक पदर म्हणजे नुसता देखावा. विक्रेता म्हणाला, "दुप्पट कापड घ्या, माझं काय जातंय."

गठ्ठ्यावर एक छापील कागद चिकटवलेला होता, इंग्रजीतला. मी तो काढून उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर गळ्याचा आकार काढला आणि कातरला. तोच धरून सहा दोन पदरी आप्रान शिवले. त्यावर काय छापलंय हे विचारावं असं मला सुचलं नाही आणि मालकांनी वाचलं नाही.

ते आप्रान वर्षभर वापरले. थेंब उडाले, भोकं पडली, ठिगळं लावली, पण एकाही माणसाला मोठं भाजलं नाही. नवरा कधी बरं म्हणाला नाही, पण एकदा दुसऱ्या फौंड्रीतल्या माणसाला सांगताना मी ऐकलं: "आमच्या बायकोनं सवतःच्या हातावर भाजून बघितलंय, मर्दा. तुझी बायकू बघंल का?" मला तेवढं पुरलं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. शेतकऱ्याचं औत असो, लोहाराचा घण असो, जे हत्यार पोटाला घालतं ते धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. फौंड्रीत भट्टी बंद, बादल्या घासून ठेवलेल्या, साचे तसेच झाकून. मी म्हटलं, आप्रान पण हत्यारच आहे. वर्षभर ते कोणी धुतले नव्हते, नुसते झटकायचे. मी पाच आप्रान घरी आणले. जोडीदार आदल्या दिवशीच मुरगूडला बहिणीच्या घरी लग्नाला गेला होता आणि त्याचा आप्रान सायकलच्या मागं डब्याबरोबर गुंडाळलेला असायचा, तो तसाच त्याच्याबरोबर गेला.

पाच आप्रान मी चुलीवर हंड्यात सोडा टाकून उकळले. धोपटण्यानं बडवले. तीन पाण्यांतून काढले. पहिल्या पाण्याला पेजेसारखा पांढरेपणा आला, बोटांना बुळबुळीत लागलं. नव्या कापडाची खळ असते, ती उशिरा निघाली असेल असं मला वाटलं. उलट बरं वाटलं, कापड मऊ झालं. वाळवून, घडी घालून, प्रत्येकावर कुंकवाचं बोट लावलं. नवऱ्यानं त्याचा घालून बघितला. "आता माणसासारखं दिसतंय," म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. जोडीदार मुरगूडहून थेट कामावर आला. त्याचा आप्रान तेलानं, काजळीनं काळा झालेला.

"वैनी, माझा राहिला की धुवायचा."

"आता पुढच्या खंडेनवमीला. तोवर देव नाक धरून बसंल."

नवरा म्हणाला, "घाणेरड्या, तुझ्याबरोबर दांडा धरायची लाज वाटती मला." जोडीदारानं आपला काळा आप्रान त्याच्या पांढऱ्या पडलेल्या आप्रानाला मुद्दाम घासला आणि पळाला. दोघं हसत हसत बादलीकडं गेले. सुट्टीत साच्यांना ओल धरली होती. नवऱ्यानं वरून हात लावून बघितलं, "वाळलाय, ओत," म्हणाला. पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

सरकारी दवाखान्यात त्याला लोखंडी खाटेवर ठेवला. वर मच्छरदाणी, अंगावर जांभळं औषध. शुद्धीत होता, ते सगळ्यात वाईट. पट्टी बदलताना त्याचं ओरडणं रस्त्यापर्यंत जायचं. मी त्याचे पाय धरून ठेवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी शाहूवाडीहून त्याचे दोन भाऊ बैलगाडीनं आले. मच्छरदाणीतून आपला भाऊ बघितला आणि थोरला दीर भिंतीला धरून ओकला. मग त्यानं मला विचारलं, "आणि दुसऱ्याला काय झालं?" मी खरं तेच सांगितलं: दोघांवर सारखंच उडालं, भाईचे नुसते हात भाजले.

"सारखंच उडालं आणि त्यो चालत फिरतोय?"

माझ्या डोक्यात तोच प्रश्न दोन दिवस होता, आणि मला त्याचं उत्तर कळायला लागलं होतं. मी तोंड उघडलं नाही. तेवढ्या न बोलण्यानं पुढचं झालं.

जोडीदार रोज यायचा. दोन्ही हातांना पट्ट्या, सायकल कोपरांनी ढकलत आणायचा. त्या दिवशी तो फाटकात आला आणि दिरांनी त्याला तिथंच धरला. मिस्त्रीची जागा रिकामी होणार होती, तिच्यासाठी ह्यानं बादली मुद्दाम ढकलली, असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. धाकट्या दिरानं गाडीच्या जुवातली शिवळ काढून आणली होती. बाभळीचा हातभर दांडा. पहिला वार गुडघ्यावर बसला, तो आवाज मी वरच्या व्हरांड्यात ऐकला. मी खाली येईपर्यंत जोडीदार धुळीत पडला होता आणि पट्टीचे हात डोक्यावर धरून होता. थोरला लाथा घालत होता. "बोल! बोल, कसा ढकललास!" जोडीदार "न्हाय हो, न्हाय" एवढंच म्हणत होता. पुढचा वार त्या पट्ट्यांवर बसला आणि पट्ट्या लाल झाल्या. भोवती पंधरावीस माणसं उभी होती. काही जण "आणखी दोन घाला" म्हणत होते, त्यांना काय झालं ते माहीतही नव्हतं.

थोरल्या दिरासमोर मी कधी डोक्यावरचा पदर खाली घेऊन बोलले नव्हते. त्या दिवशी मी मध्ये शिरले आणि त्याच्या छातीवर डोकं मारलं. तो मागं सरकला तेवढ्यात मी जोडीदाराच्या सायकलवरचा आप्रान ओढून काढला. नवऱ्याच्या आप्रानाचा जळायचा राहिलेला मागचा तुकडा, बंदांसकट, माझ्या पिशवीत होता. आप्रान ओढताना तो पाठीखाली राहिला होता, दवाखान्यात अंगावरचे कपडे काढले तेव्हा मला दिला. फाटकासमोर चहाचा गाडा होता, कोळशाची शेगडी. मी चिमट्यात लाल कोळसा घेतला.

"बघा," मी म्हणाले. "दोघं बघा. मग मारा."

डाव्या हातावर मी नवऱ्याचा दोन पदरी तुकडा टाकला आणि वर कोळसा ठेवला. तीन अंकांत जाळ झाला. मी हात झटकला नाही, सगळ्यांना दिसू दिला. कापड कडेनं पळत पेटत गेलं आणि माझ्या मनगटाचे केस, मग कातडी, असं भाजत गेलं. चहावाल्यानं पाणी ओतलं. मग त्याच हातावर, त्याच भाजलेल्या जागेच्या वर, जोडीदाराचा तसाच दोन पदरी काळा आप्रान टाकला आणि दुसरा कोळसा ठेवला. मी मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन. धूर आला. सात, आठ. कापड काळं झालं, कोळसा त्याच्यावर तसाच बसून राहिला. अकरा झाले. जाळ नाही. मी कोळसा झटकून टाकला.

"कापड एकच," मी म्हणाले. "एकाच गठ्ठ्यातलं. म्याच शिवलंय. ह्येचं औषध पाण्यात जातंय. एक धुतलं, एक न्हाय धुतलं. भाईनं काय केलं न्हाय."

थोरल्या दिरानं दोन्ही कापडं हातात घेऊन बघितली. मग हळू आवाजात म्हणाला, "धुतलं कुणी?"

"म्या. खंडेनवमीला."

धाकट्यानं शिवळ माझ्या तोंडावर मारली. खालचे दोन दात तुटले, तिसरा हलायला लागला, तो नंतर मीच काढला. मी पडले ती जोडीदाराच्या अंगावर पडले. त्यानं कोपर वर करून माझं डोकं झाकलं. आणखी दोन वार त्याच्या कोपरावर आणि माझ्या पाठीवर पडले. मग चहावाल्यानं उकळतं भांडं उचललं आणि "आता मी ओततो बघ," असं ओरडला तेव्हा दीर थांबले.

मी तोंडाला पदर दाबून वर गेले. नवऱ्याला सगळं ऐकू आलं होतं, खिडकी रस्त्यावरच होती. मी त्याला सांगितलं, आप्रानाचं औषध मी धुऊन घालवलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, रक्त पुसायलाही सांगितलं नाही.

"अगं, घोंगडंच शिवायचं हुतंस," म्हणाला.

"तू मेंढरं हाकलीस की."

"व्हय. हाकली." मग त्यानं विचारलं, "त्येचा पाय मोडला का?"

"मोडला."

"मग दांडा कोण धरणार आता," असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

महिनाभरानं मालकांनी तो गळ्याच्या आकारात कातरलेला कागद मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला. धुतल्यावर कापड परत औषधात बुडवावे, असं त्यावर लिहिलेलं होतं. अर्धं वाक्य मी कातरून टाकलं होतं, पण उरलेल्यावरून कळत होतं. मालक म्हणाले, "माझं चुकलं." मी म्हटलं, तुमचंही चुकलं आणि माझंही; पण मी तपासलं होतं, तुम्ही तपासलं नव्हतं, म्हणून माझं जास्त. बोकडाची कातडी आणली, मेण लावलं, स्वतःचा हात भाजून घेतला, आणि कापड एकदा धुऊन बघावं हे सुचलं नाही.

त्यानंतर मी सासऱ्यांचं घोंगडं कातरून आप्रान शिवले, आणि ते संपल्यावर धनगरांकडून नवी घोंगडी आणली. धुवा, बडवा, त्यातून काही जात नाही. सगळ्यांनी कुरकूर न करता घातले, टोचत असूनही. मेंढरं कोणी हाकली नाहीत.

नवरा नवव्या दिवशी दुपारी गेला. जोडीदार जगला, डावा पाय ओढत होता आणि बोटं पुरी मिटत नव्हती, म्हणून दांडा सुटला आणि तो साचे तपासायला बसायचा. मी जगले.